साडेपाचचा डाव

गोव्यातल्या साखळी गावी, खाणरस्त्याला रघुनाथचं घर. खाणीच्या काट्यावर बसून ट्रकांची वजनं घेण्यात त्याचं आयुष्य गेलं आणि खाणी बंद पडल्या तसा तो घरी बसला. माणूस सरळ, पण हट्टाला औषध नाही.

बायको सत्यवती वारली. तिचं वर्षश्राद्धही झालं नव्हतं, तोच लेक सिद्धी सरकारी इस्पितळातली कायमची नोकरी सोडून मस्कतला नर्स म्हणून निघाली. रघुनाथ भडकला आणि भडकला तो थेट सातेरीच्या देवळात गेला. पायरीवर हात ठेवून म्हणाला, "हिच्याशी जन्मात बोलणार नाही." रागात माणूस काय वाटेल ते बोलतो, देवीनंही ते एवढं मनावर घेतलं नसेल. रघुनाथनं मात्र घेतलं.

वर्षभरानं कॉम्प्युटरवरच्या कॅरममध्ये एके दिवशी सिद्धीचं नाव दिसलं. कॅरम तिला लहानपणी त्यानंच शिकवलेला. त्यानं मनाशी ठरवलं, खेळणं म्हणजे काही बोलणं नव्हे. तेव्हापासून रोज साडेपाचला, तिच्या चहाच्या सुट्टीत, पंधरा मिनिटांचा एक डाव. एक अक्षर लिहायचं नाही. तिनं राणी घेतली की पोर बरी आहे. नेम चुकायला लागले की लागोपाठ दोन पाळ्या झालेल्या आहेत. एवढ्यावर बापाचं चाललं होतं. गावात कुणाला पत्ता नव्हता, लोकांना वाटे म्हातारा मशीनशी खेळतो.

आणि त्याला बुद्धी सुचली! स्क्रीनवर रोज निरोप यायचा, नवी सिस्टीम फुकट घ्या. फुकट म्हटल्यावर कोण सोडतो? बाजारातल्या महेशकडून त्यानं ती घालून घेतली. त्या दिवशी साडेपाचला गेम लावला तर नुसतं चक्र फिरत राहिलं. पट उघडला तेव्हा सहाला आठ मिनिटं कमी होती. कोपऱ्यात ओळ होती : सिद्धीनं पंधरा मिनिटं वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यानं चारलाच मशीन चालू केलं, तर ते आणखीनच रेंगाळलं. त्या दिवशीची ओळ : दहा मिनिटं.

पोरीला काय वाटत असेल? म्हाताऱ्यानं हेही तोडलं, दुसरं काय.

कॉम्प्युटरचा डबा स्कूटरवर घालून रघुनाथनं महेशचं दुकान गाठलं. तिथं गेम मिनिटभरात लागला. "काका, माझ्याकडे पळतोय बघा. तुमचं नेट बघून घ्या." नेटवाला आला, म्हणाला नेट फर्स्टक्लास, सिस्टीमलाच विचारा. पुन्हा महेश. त्यानं चार गोष्टी काढल्या, दोन घातल्या, परत मिनिटात लावून दाखवला. एकाचं बोट दुसऱ्याकडे आणि मधे हा. आयुष्यभर ट्रकांचा खोटा भार पकडणाऱ्या माणसाला घरातल्या डब्यात काय बिघडलंय ते कळेना. घरी आणून त्यानं डबा जागेवर ठेवला, वायरी जोडल्या आणि नेहमीप्रमाणे वर सत्यवतीनं शिवलेली खोळ चढवली.

ही खोळ म्हणजे ट्रकांच्या काळातली. तांबडी धूळ घरात शिरायची म्हणून सत्यवतीनं रेडिओ, मिक्सर, टीव्ही, सगळ्यांना खोळी शिवल्या होत्या. कॉम्प्युटरला तिच्या जुन्या लुगड्याची, दुहेरी, वायरींपुरतं भोक ठेवलेली. धूळ थांबून चार वर्षं झाली, पण खोळ काढायचं रघुनाथच्या मनातही आलं नव्हतं.

पाचव्या दिवशी ओळ होती : चार मिनिटं. सहाव्या दिवशी ओळच नव्हती. रघुनाथ ढसाढसा रडला. बोलायची वाट त्यानं स्वतःच बंद केली होती आणि खेळायची ह्या डब्यानं.

सातव्या दिवशी पाव विकणारा पोदेर येऊन गेला. शेजारच्या शेवंतीनं रघुनाथचेही पाव घेतले आणि आत येऊन कॉम्प्युटरच्या डब्यावर पिशवी ठेवली. घटकाभर गप्पा मारून तिनं पिशवी उचलली. "अरे रघुनाथा, पाव परत भट्टीत घातलेस काय? केवढे गरम हे! ह्या बिचाऱ्याला गोधडीत कशाला गुंडाळलंयस?"

रघुनाथनं खोळीखाली हात घातला आणि चटकन मागे घेतला. जुनी सिस्टीम हलकी होती, तिचं खोळीत निभावलं. नवी सतत राबणारी, ती आत गुदमरत होती. त्यानं खोळ काढली, पंखा लावला. डबा निवाल्यावर गेम लावला. मिनिटात पट उघडला, सोंगट्या मधोमध मांडलेल्या.

साडेपाच वाजले. पावणेसहाला पाच कमी. सिद्धी आली नाही.

शेवंती केव्हाच गेली होती. रघुनाथनं मोबाईल घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. सातेरीची पायरी डोळ्यांसमोर आली. तरी त्यानं नंबर लावला.

"बाबा?" सिद्धी म्हणाली. "कोण गेलं?"

दोन वर्षांनी बापाचा फोन आला की पोरीच्या मनात हेच यायचं.

"कोण नाही गेलं गो," तो म्हणाला. "कॉम्प्युटर तापत होता."

"काय?"

"तुझ्या आईची खोळ होती त्याच्यावर. पट उघडायचा नाही. मी बसलेलो होतो."

"रोज?"

"रोज."

पलीकडे मागून कुणीतरी तिला हाक मारली. "ब्रेक सोंपलो, बाबा," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

उद्या येशील का, हे विचारायचं राहूनच गेलं. रघुनाथनं खोळ घडी घालून मांडीवर ठेवली. ती अजून कोमट होती.