फक्त दोन वर्षं

अमेरिकन म्हणून जन्माला येऊन एनआरआय म्हणून पूर्णत्वाला पोचलेला माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि तो चँडलरमध्ये आमच्या शेजारच्या घरात राहायचा. परदेशात कसं राहावं हे आपण मराठी माणसं ठेचा खात, चुका करत शिकतो. याने ते रीतसर शिकवणी लावून शिकून घेतलं, आणि शिकवणीला तो आला माझ्याकडे. ॲरिझोनाच्या वाळवंटात मला मिळालेला हा पहिला आणि शेवटचा शिष्य. "तुझा शिष्य आलाय," असं माझी बायको बेल वाजायच्या आधीच सांगायची, कारण त्याचा देह असा होता, की तो व्हरांड्यात पाऊल टाकी तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातल्या वाट्या एकमेकींशी बोलायला लागत.

तोवर गृहस्थाने जग म्हणून काही पाहिलेलं नव्हतं. चँडलरला कापसाची शेतं होती तेव्हा तो इथे जन्मला, आणि शेतांच्या जागी चिपचे कारखाने आले तेव्हा त्यातल्याच एकात चिकटला. मीही त्याच कंपनीत, पण दुसऱ्या बिल्डिंगमध्ये. त्याचा एकूण परदेशप्रवास म्हणजे एकदा सीमेपलीकडे मेक्सिकोत जाऊन केलेलं दुपारचं जेवण. ते किती तिखट होतं याचं वर्णन मी निदान पाचसहा वेळा ऐकलं आहे. अशा माणसाला २००४ साली कंपनीने बायको आणि मुलीसकट चीनला, शांघायजवळच्या सुझौला पाठवायचं ठरवलं. मुदत दोन वर्षं. त्याच संध्याकाळी तो आमच्या दारात उभा. "तुम्ही लोकांनी हे सगळं केलंय," तो म्हणाला. बोलला अर्थात इंग्रजीत, मी मराठीत सांगतोय इतकंच. "मला शिकव. पहिल्यापासून." एरवी अमेरिकन माणूस आपल्याला नान कसा करायचा तेवढं विचारतो. माझी छाती अशी फुगली, की बायकोने मागून शर्ट ओढला.

पहिला धडा अर्थातच बॅगेचा. बॅग भरून झाली की ती हातात घेऊन बाथरूममधल्या वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचं वजन वजा करायचं, हे आमच्याकडे पोरंसोरं जाणतात. त्याला हे कळल्यावर तो इतका भारावला, की इंजिनिअर असूनही त्याने ते वहीत लिहून घेतलं. मग बॅग उचलून काट्यावर चढला, आणि काट्याने हात टेकले. तीनशे पौंडांच्या पुढे त्या बिचाऱ्याला काही सांगता येत नव्हतं. शिष्य एकटाच त्याच्या जवळपास जात होता. मग माझ्या बायकोने चढावं असं ठरलं. "मी चढते, पण आकडा कुणी बघायचा नाही," ती म्हणाली. बघायचा नाही तर वजाबाकी कशी करणार? शेवटी तिची पुण्याची बुद्धी कामाला आली. ती बॅग आणि काटा घेऊन आत गेली, कडी लावली आणि फक्त उत्तर घेऊन बाहेर आली. तिच्या त्या वजाबाकीवर भरवसा ठेवून शिष्य विमानतळावर गेला, आणि एकही बॅग उघडावी लागली नाही. नागपूरकर असूनही हे मान्य करणं मला भाग आहे.

लोणच्याच्या बरणीचं झाकण काढून प्लास्टिक लावायचं, झाकण घट्ट बसवायचं, वर चिकटपट्टी, मग पिशवी, मग दुसरी पिशवी आणि मग ती बरणी जुन्या टॉवेलमध्ये बाळासारखी गुंडाळायची, ही विद्या बायकोने त्याच्या बायकोला दिली. त्यांच्याकडे लोणचं नव्हतं, पीनट बटर होतं. विद्या तीच. आमच्या मेतकुटाच्या जागी त्यांच्या मॅकरोनीवरच्या पिवळ्या चीजची पाकिटं. एका मोज्यात दोन पाकिटं मावतात हे त्याने स्वतः शोधून काढलं, तेव्हा मात्र मी मनातून त्याला पदवी देऊन टाकली.

निघायच्या आदल्या दिवशी तो एकटा आला. "एक काम आहे," म्हणाला. "डॅडकडे अधूनमधून डोकावशील?" त्याचे वडील जुन्या चँडलरमध्ये, तो जन्मला त्याच घरात राहत होते. बायको कधीच गेलेली. आयुष्यभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेला माणूस, अंगणात ग्रेपफ्रूटचं एक झाड आणि बोलायला तेवढंच. आमच्या मुलीने त्यांना पहिल्याच भेटीत आजोबा करून टाकलं होतं, आणि त्यांनीही ते नाव तक्रार न करता लावून घेतलं होतं. "त्यांना सांगितलंस ना?" मी विचारलं. "सांगितलं. म्हटलं, फक्त दोन वर्षं." हे वाक्य मी त्याला शिकवलं नव्हतं. ते त्याला आपोआपच आलं.

चीनमध्ये त्याची जी प्रगती झाली ती बघून मी थक्क झालो. पहिले तीन महिने तक्रारी: ब्रेड गोड लागतो, चीज मिळत नाही, स्वयंपाकघरात ओव्हनच नाही. मग थँक्सगिव्हिंग आलं. तो सण गुरुवारी असतो, त्याला भाजलेली टर्की लागते, आणि सुझौच्या कारखान्याला काही त्या गुरुवारी सुट्टी नव्हती. त्याने घाबराघुबरा होऊन फोन केला. "सण पुढे ढकलला तर चालतो का?" मी हसून म्हणालो, "अरे, आमचा गणपती इथे दरवर्षी शनिवारी येतो. देवाची तक्रार नाही. तुझ्या टर्कीची असेल का?" टर्कीची तक्रार असायला टर्की मिळाली तर पाहिजे ना. त्याने कोपऱ्यावरच्या हॉटेलातून भाजलेली बदकं आणली, शनिवारी बारा अमेरिकन कुटुंबं जमवली, आणि जेवणानंतर एक कमिटी नेमली. पुढचं मला कळून चुकलं. वर्षभरात त्यांचं मंडळ झालं. दुसऱ्या वर्षी, सणाच्या जेवणात डबाबंद भोपळा चालेल की नाही यावरून भांडण होऊन त्याची दोन मंडळं झाली. "आम्ही फुटलो यार!" तो फोनवर ओरडला. यार हा शब्द त्याने आमच्याच घरातून नेला होता. मी त्याचं मनापासून अभिनंदन केलं. न फुटलेल्या मंडळाला आपल्यात कोणी मंडळ मानत नाही.

पोरं आपलं विसरतील म्हणून त्याने रविवारी वर्ग सुरू केला. त्यात अमेरिकेचा इतिहास आणि बेसबॉल शिकवत. पोरं येत ती शेवटी मिळणाऱ्या पिझ्झासाठी. आमच्या मराठी शाळेत पोरं समोशासाठी येतात, त्यामुळे हेही मला ओळखीचं होतं. पण एकदा त्याचा आवाज खरंच पडलेला होता. "मी मुलीशी इंग्लिशमध्ये बोलतो," तो म्हणाला, "आणि ती मला चायनीजमध्ये उत्तर देते." त्याच क्षणी मी आमच्या कन्येला हाक मारून विचारलं, "काय गं, जेवलीस का?" आतून उत्तर आलं, "डॅड, आय ॲम ऑन द फोन!" ते मी रिसीव्हर उंच धरून त्याला ऐकवलं. खूप वेळ तिकडून नुसतं हसणं येत होतं.

आजोबांकडे मी शनिवारी जायचो. त्यांच्या मुलाचा फोन शनिवारी संध्याकाळी पाचला यायचा, तेव्हा तिकडे रविवारची सकाळ असायची. एकदा मी चार वाजताच पोचलो, तर हा ऐंशीकडे झुकलेला माणूस इस्त्रीचा शर्ट घालून, ओले केस चापूनचोपून विंचरून फोनजवळच्या खुर्चीत बसलेला. मी म्हणालो, "कुठे बाहेर निघालात?" म्हणाले, "नाही. मुलाचा फोन यायचाय." फोनवर कोणी दिसत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पाचला घंटा वाजली. संभाषण असं: "हॅलो, डॅड. गरम किती आहे?" "एकशे दहा. तिकडे?" "पाऊस आहे." "बरं. जेवलात?" "आता नाश्ता करू." ॲरिझोनात जूनपासून सप्टेंबरपर्यंत फॅरनहाइटच्या या आकड्यात बदल होत नाही, त्यामुळे संभाषणातही होत नसे. फोन ठेवून आजोबा म्हणायचे, "छान बोलला." आणि मग खरोखरच छान वाटत असल्यासारखे मला ग्रेपफ्रूट कापून द्यायचे. तिथून घरी येऊन मी नागपूरला आईला फोन लावायचो. तिथे तेव्हा पहाट होऊन गेलेली असायची. आमचंही संभाषण साधारण तेच, फक्त ग्रेपफ्रूट नव्हतं.

२००६ च्या उन्हाळ्यात शिष्य सहकुटुंब सुट्टीवर आला, आणि मला माझाच आरसा दारात उभा दिसला. चार बॅगा, त्यातल्या दोन रिकाम्या, जाताना भरून न्यायला. प्रत्येकासाठी चहाचा एकेक डबा. भर उन्हाळ्यात, बाहेर अंडं शिजेल अशा दुपारी तो आमच्याकडे गरम पाणी मागून प्यायला आणि वर "पोटाला बरं असतं" असं मलाच म्हणाला. हॉटेलात बिल आलं की ओठ हलवत त्याचे युआन करायचा आणि हळहळायचा. "इथे सगळंच फार शांत झालंय रे," तो म्हणाला. झालं काहीच नव्हतं, चँडलर होतं तसंच होतं. तीन आठवड्यांत दातांचा डॉक्टर, डोळ्यांचा डॉक्टर, मेहुणी, मित्र, कंपनी आणि मॉल यांतून वडिलांच्या वाट्याला जेमतेम तीन जेवणं आली. त्यातलं एक कॅन्सल केलं, आणि एकाला तो सोफ्यावर बसल्याबसल्या जेट लॅगने घोरायला लागला. आजोबांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि तो जागा होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसून राहिले. मी डोकावायला गेलो होतो, तर मला त्यांनी ओठांवर बोट ठेवून गप्प केलं.

जायच्या दोन दिवस आधी शिष्य पुन्हा शिकवणीला आला. वाट्या वाजल्या नाहीत, इतका हळू आला. कंपनीने मुदत वाढवली होती. बायकोला तिथल्या शाळेत नोकरी लागली होती, मुलगी रमली होती. "आणखी दोन वर्षं," तो म्हणाला. "डॅडना कसं सांगू? तू तुझ्या आईला कसं सांगितलंस?"  मी म्हणालो, "आम्ही सांगत नाही. त्यांना कळतं."  मग जाऊन त्याने वडिलांना सांगितलं. माझ्यापेक्षा तो त्या बाबतीत सरसच निघाला. आजोबा म्हणे नुसतं "शुअर" म्हणाले आणि झाडाला पाणी घालायला गेले.

२००८ च्या वसंतात, एका शनिवारी, आजोबांची जुनी पिकअप आमच्या दारात थांबली. त्यांनी खाली उतरून एक जुनी चामडी बॅग काढली. मला वाटलं, शिष्यासाठी काही पाठवायचं असेल. "तू लोकांना शिकवतोस म्हणे," ते म्हणाले. "मलाही शिकव. तो येत नाही, तर मी जातो." ज्या माणसाने मेक्सिकोतलं जेवणसुद्धा घेतलेलं नव्हतं त्याने गुपचूप पासपोर्ट काढला होता, व्हिसा आणला होता, आणि तिकीट खिशात होतं.  मग बायकोने पदर खोचल्यासारखी ओढणी बांधली आणि कामाला लागली. बॅगेत त्यांचे स्वतःचे तीन शर्ट होते. बाकी सगळ्या बरण्या. झाडावरची फळं नेता येत नाहीत म्हणून त्यांनी त्यांचा मुरंबा केला होता, स्वतः, हयातीत पहिल्यांदा, आणि तो साधारण ट्रॅक्टरच्या वंगणासारखा दिसत होता. बायकोने प्रत्येक बरणीला झाकणाखाली प्लास्टिक लावलं, चिकटपट्टी मारली, टॉवेलमध्ये गुंडाळली. मग मी काटा आणला. आजोबा बॅग हातात घेऊन त्यावर उभे राहिले. मला जरा धाकधूक होती, पण काटा शांतपणे हलला आणि मध्येच थांबला. त्यांचं आणि बॅगेचं मिळून जे वजन भरलं, त्याहून त्यांचा मुलगा एकटा जड होता. बायको डोळे पुसत म्हणाली, "या वेळेला आकडा बघितला तरी चालेल."

आता शनिवारी पाचला फोन आमच्याकडे येतो. तिकडून आजोबा विचारतात, गरम किती आहे? मी एकशे बारा म्हणालो की त्यांना फार बरं वाटतं. झाडाला पाणी घातलं का, हे विचारतात. सकाळी आवारात बाकीच्या म्हाताऱ्यांबरोबर हात हलवत व्यायाम करतात म्हणे. भाषा कळत नाही, पण त्यातले एक गृहस्थ ट्रॅक्टर चालवत असत, तेवढं पुरतं. परवा मी न राहवून विचारलं, "आजोबा, परत कधी येताय?"  पलीकडून ते म्हणाले, "फक्त दोन वर्षं," आणि असे हसले, की मागून माझ्या शिष्याच्या हसण्याचा गडगडाटही ऐकू आला. दोघं एकाच खोलीत होते.

फोन ठेवला आणि मग नेहमीच्या सवयीने नागपूरचा नंबर फिरवला. आईने पहिल्याच घंटेला उचलला. ती कधीपासून जवळ बसली होती, केस विंचरून बसली होती का, हे विचारायला मला धीर झाला नाही.

"गरम किती आहे रे तिकडे?" ती म्हणाली.