देठाचे पंख

माझी ताई माणसंसुद्धा पानांसारखी बघते. घरमालक जिना चढताना दिसला की म्हणणार, "आला बघ, बुडाशी रुंद, टोकाकडे निमुळता." माझ्या नवऱ्याच्या कानांना तिने एकदा 'हृदयाकृती, कडा अखंड' म्हटलं, तर तो बिचारा कौतुक समजून आठवडाभर खूश होता. वनस्पती संग्रहालयात रोपांची वर्णनं लिहिण्यात तिचं उभं आयुष्य गेलं आणि त्याच इमारतीत वाळवलेली रोपं जाड कागदावर चिकटवण्यात माझं.

वर्णन मुळापासून सुरू करायचं आणि बीपाशी थांबायचं. पान भाल्यासारखं की अंडाकृती, कडा करवती की दातेरी, पानं समोरासमोर की एकाआड एक, पाठीवर लव आहे की गुळगुळीत. 'सुंदर' आणि 'नाजूक' हे शब्द आमच्याकडे शिवीत जमा. वर्णन पक्कं झालं का, हे ठरवायची पद्धतही आमचीच. ज्याने रोप पाहिलेलं नाही अशा चित्रकाराला ते वाचून दाखवायचं. त्याने फक्त ऐकून चित्र काढायचं. मग चित्र आणि रोप शेजारी ठेवायचं. जुळलं तर वर्णन पास.

आमचे चित्रकार म्हणजे केस पांढरे झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. ताईने "कडा" म्हणायचा अवकाश, की यांची पेन्सिल हलायला लागलेली असायची. लोक दोघांबद्दल काय वाटेल ते बोलायचे. तसं काही नव्हतं. मला विचाराल तर त्याहून जास्त होतं. ही बोलायची आणि ते न बघता विश्वास ठेवायचे. एवढं तर माझा नवराही माझ्यावर ठेवत नाही.

मग वर्णनं लिहायला एक नवी आली. वयाने तिशीची, कामाला चोख, बोलायला गोड. ताईने पहिल्याच दिवशी तिचं नाव 'लवदार' ठेवलं. "जिथे हात लावाल तिथे मऊ," म्हणाली. मी हसले, पण ताई हसत नव्हती. नवीची वर्णनंही चित्रकार काढू लागले आणि ती जुळू लागली. एकदा तर चित्रकार म्हणाले, "छान सांगता हो तुम्ही." ताईला त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी आम्हा तिघांच्या घरी भांडी अशी आपटली गेली की खालच्या मजल्यावरची म्हातारी विचारायला आली. ताई जळत होती, आणि जळताना ती काही झाकून जळणारी बाई नाही.

त्यात साहेबांनी जाहीर केलं की संग्रहालयाच्या मोठ्या ग्रंथाचा शेवटचा खंड आता एकीनेच लिहायचा. दुसरीने बागेतल्या पाट्या लिहायच्या. ज्या खंडासाठी ताई इतकी वर्षं राबली, तो कुणाकडे जाणार हे एका परीक्षेवर ठरणार होतं. काचघरात एक नवा वेल फुलला होता. दोघींनी त्याचं वर्णन करायचं आणि चित्रकारांनी, वेल न बघता, दोन चित्रं काढायची. काचघराला आतून कापड लावलं.

ताई वेलासमोर बसली खरी, पण डोळे सारखे शेजारच्या टेबलाकडे. नवी काय मोजतेय, भिंग कुठे धरतेय, किती ओळी लिहून झाल्या. "अगं, वेल तुझ्यासमोर आहे, तिच्यासमोर नाही," मी हळूच म्हणाले. "तू तुझा डिंक बघ," ती म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी आधी नवीने वाचलं, मग ताईने. साहेबांनी चित्रं वेलाशेजारी लावली. नवीच्या चित्रात वेलाचे ताणे, म्हणजे आधाराला गुंडाळणारे तंतू, मुळापासून दुभंगलेले होते. खऱ्या वेलाचे फक्त टोकाला दुभंगतात, पण 'टोकाला' हा शब्द तिच्याकडून राहिला होता. ताईचं चित्र हुबेहूब. साहेब म्हणाले, "खंड तुमचा." नवीने येऊन ताईचं अभिनंदनसुद्धा केलं. आता घरात भांडी शाबूत राहतील म्हणून मला आनंद झाला.

पण ताई चित्रापासून हलेना. सगळे गेल्यावर तिने देठावर बोट ठेवलं. देठाच्या दोन्ही बाजूंना पातळ पंख होते, पानाकडे रुंद होत गेलेले. खऱ्या वेलाला आहेत तसेच.

"हे मी लिहिलं नव्हतं," ती म्हणाली.

चित्रकार पेन्सिली आवरत होते. "बाई, जाऊ द्या."

"तुम्ही काचघरात गेला होतात."

"काल. हल्ली तुमचं लक्ष नसतं. वाटलं, काहीतरी सुटेल." मग समजूत घातल्यासारखे म्हणाले, "तिच्यासाठी नाही गेलो. ताणे टोकालाच दुभंगतात, हेही पाहिलं होतं मी. तिचं तिने सांगितलं तसंच काढलं."

त्यांना वाटलं, हे ऐकून हिला बरं वाटेल. पुरुषांना काय वाटेल याचा नेम नसतो. ताईचा चेहरा असा उतरला की मी खुर्ची पुढे केली.

"तिच्या शब्दांवर चाललात," ती म्हणाली, "आणि माझ्या शब्दांची खात्री करायला गेलात."

ताईने कोरा कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि आपलं वर्णन पुन्हा वाचायला घेतलं. मुळापासून, एकही शब्द न बदलता. ते नको नको म्हणत राहिले, शेवटी काढू लागले. देठ आला तेव्हा पेन्सिल थांबली. ताईने तीच ओळ पुन्हा वाचली. त्यांनी देठ काढला, साधा, गोल, उघडा. ते चित्र घेऊन ती साहेबांच्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा खंड नवीचा झाला होता. 'टोकाला' हा राहिलेला एक शब्द ही देठाच्या राहिलेल्या पंखांपेक्षा लहान चूक ठरली.

रस्त्यात मी तिला वाटेल ते बोलले. एवढं प्रामाणिक व्हायला तुला कुणी सांगितलं होतं, तोंडाशी आलेला घास असा टाकतात का, असं बरंच काही.

"प्रामाणिक कसली," ताई म्हणाली. "त्यांनी तिचं चुकलेलं जसंच्या तसं काढलं. मला तेच हवं होतं."

"मग मिळालं ना?"

"मागून घेतलं," ती म्हणाली. "तिला मागावं लागलं नाही."