बहिणीच्या हनुवटीवरचा डाग

सहा वर्षं मी कथा पाठवत होतो आणि सहा वर्षं त्या परत येत होत्या. देवगडचा आंबा मुंबईला पोचायच्या आत माझ्या कथेचा नकार मुंबईहून मोबाईलवर हजर. एका संपादकाने तर मी कथा पाठवायच्या आधीच नकार कळवला, असं मी गावात सांगत असे, आणि लोक चुकचुकत.

सातव्या वर्षी एक संपादक फोनवर म्हणाले, "कल्पना उत्तम, पण माणसं पुठ्ठ्याची वाटतात. तपशील घाला हो, तपशील!"

घातले. शेजारच्या घरातली चुलतबहीणच उचलली. दारातला वाकडा माड, तिची लंगडी मांजर, लहानपणी उकळत्या पेजेने हनुवटीवर पडलेला डाग. एवढं खरं. बाकीचं माझं: अवसेला तिच्या अंगात येतं, ती एका दमात चार नारळ कपाळावर फोडते आणि पाहुण्यांची लफडी त्यांच्या तोंडावर सांगते. खरी बहीण औषधांच्या दुकानात नोकरी करते आणि गिऱ्हाइकाला गोळ्यांची वेळ सांगतानासुद्धा लाजते.

कथा दिवाळी अंकात छापून आली. मी वीस प्रती गावभर वाटल्या. काकीने तिची प्रत न वाचताच, मोठ्या कौतुकाने, आरोंद्याहून मुलगी बघायला आलेल्या मंडळींच्या हातात दिली. मुलगी त्यांना पसंत होती. आठ दिवसांनी फोन आला, "सध्या थांबतोय."

काकी माझ्या दारात उभी राहिली. "रे मेल्या, माझ्या चेडवाच्या आंगात येता म्हणान लिवलंस तू?"

"काकी, ती गोष्ट गो."

"गोष्ट? मगे जा आणि त्येंका सांग गोष्ट म्हणान!"

गेलो. नवऱ्यामुलाचा काका निवृत्त मास्तर. अंकात पेन्सिलीने खुणा करून बसला होता.

"मास्तर, मी सगळं खोटं लिहिलंय."

"लेखक कशाला खोटं लिहील?" त्यांनी चष्मा वर सारला. "वाकडा माड मी पाहिला. मांजर माझ्या पायात आली. मुलीने चहा दिला तेव्हा डागही दिसला. तीन गोष्टी खऱ्या आणि चौथीच तेवढी खोटी?"

"चौथी खोटीच."

"छान लिहिता तुम्ही," मास्तर म्हणाले आणि मला कोकम सरबत पाजून वाटेला लावलं. सात वर्षांत इतकी मोठी दाद मला कुणी दिली नव्हती. परतीच्या एसटीत मी थोडा खूशच होतो.

बहीण मागच्या दारी बांगडे साफ करत होती.

"काय म्हणालो तो?"

"नाय पटला त्येंका."

"डाग कशाक घातलंस?"

"गोष्ट खरी वाटाक होयी म्हणान."

तिने बांगड्याचं पोट फाडलं. "वाटली," म्हणाली.

मे महिन्यात खारेपाटणहून दुसरं स्थळ आलं. बातमी तिथवर पोचलीच होती. मी काकीच्या स्वयंपाकघरात दार लोटून सोलकढीसाठी नारळ खवत होतो. बाहेर मुलाच्या आईने विचारलं, "ते ज्याने लिहिलं, तो कुठे असतो हो?"

काकीने श्वासही घेतला नाही. "पुतण्यो होतो माझो. पिसो होतो. दर्यात गेलो आणि मेलो."

बाई हळहळली. "वय काय होतं?"

काकीने माझं वय अचूक सांगितलं. मग शर्ट सांगितला: निळ्या चौकड्यांचा, वरचं बटण तुटलेला. वाळूत एकच चप्पल मिळाली, अंगठा तुटलेली. मी मान खाली घालून बघितलं. अंगात शर्ट तोच होता, बटण नव्हतं. बाहेर कुणीतरी नाक ओढलं. इतकं बेमालूम मला जन्मात जमलं नसतं.

वेड्याचं लिहिलेलं कोण खरं मानतो? तिथेच सुपारी फुटली.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी बहीण माझ्याकडे आली. मला वाटलं, काकीची नजर चुकवून आमंत्रण द्यायला आली असेल.

"चार दिवस खंय तरी जा रे," ती म्हणाली. "तुका बघतले तर माझा लगीन मोडतला."

"आणि मगे?"

"मगे काय? मेल्लो माणूस परत येता?"

मी गेलो. तिला आता तीन वर्षांची मुलगी आहे. त्या मुलीला मामा नाही.