लेकीच्या गणिताची तपासणी

अंबडच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. माझ्या आईला कितीदा समजावलं, तरी तिला अजून वाटतं की मी तिथे काहीतरी बनवतो. बायकोला मात्र माझं काम बरोबर कळलंय. पाहुण्यांनी विचारलं की ती सांगते, "हे घरी करतात तेच तिकडे करतात."

गेल्या वर्षी एक मेला लेकीचा चौथीचा निकाल लागला. त्या दिवशी शाळेत आधी झेंडावंदन होतं आणि मग वर्गात निकाल देतात. त्यामुळे सगळे पालक इस्त्रीच्या कपड्यांत समोरासमोर उभे असतात आणि कुणालाच तोंड लपवता येत नाही. मी तर पेढे घेऊनच गेलो होतो. नंतर दुकानात गर्दी होते, म्हणून आधीच घेतलेले बरे, असं माझं नियोजन. निकाल हातात आला. मराठी, परिसर, इंग्रजी सगळं ठीक होतं आणि गणितात क-दोन. क-दोन म्हणजे नापास नव्हे, पण त्याच्या खाली फारसं काही उरतही नाही. शेजारच्या इमारतीतल्या बाईंनी हसत विचारलं, पेढे कधी? मी पिशवी पाठीमागे धरली आणि त्यांना महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा दिल्या.

स्कूटरवर मागे बसलेली लेक वाटेत अवाक्षर बोलली नाही. एरवी पाथर्डी फाटा येईपर्यंत तिचं तोंड बंद नसतं. घरी आल्यावर ती खोलीत गेली, जरा वेळाने बाहेर आली आणि तिने जाहीर केलं की या सुट्टीत ती मामाकडे जाणार नाही. तिचा मामा सिन्नरजवळच्या खेड्यात शेती करतो. तिथली विहीर, शेळ्या आणि मामेभावंडं यांच्यासाठी ही पोरगी होळीपासून पिशवी भरायला लागते. का जायचं नाही, असं तिच्या आईने विचारलं तर म्हणाली, तिथे सगळे मार्क विचारतात. आणि भरलेली पिशवी तिने आमच्या देखत रिकामी केली. एकेक फ्रॉक घडी करून कपाटात परत गेला. मला फार वाईट वाटलं. निकालापेक्षा ती रिकामी पिशवी मला जास्त लागली.

बायको म्हणाली, आज काही बोलू नका, आमरस करते. मी म्हटलं, मी रागावणार नाहीच आहे, आपण फक्त मुळाशी जाऊ. तेव्हाच तिने मला अडवायला हवं होतं.

आमच्या कारखान्यात ग्राहकाकडून माल परत आला की मीटिंग बसते. तिची पद्धत सोपी आहे. चूक झाली, तर विचारायचं, का? जे उत्तर येईल त्यावर पुन्हा का? खरं कारण हाती लागेपर्यंत हेच. आणि कुणा माणसावर खापर फोडायचं नाही. "ऑपरेटरचं लक्ष नव्हतं" असं कुणी म्हणालं की मी त्याला भर मीटिंगमध्ये फैलावर घेतो. माणूस चुकला म्हणजे त्याला शिकवणाऱ्याची पद्धत चुकली, हे माझं ठरलेलं भाषण आहे आणि ते मी चांगलं करतो.

तर आमरस झाल्यावर मी हॉलमधला लेकीचा पांढरा फळा पुसला, वर लिहिलं 'गणितात क-दोन', खाली रकाने पाडले आणि तिला समोर बसवलं. बायको कुरडयांची परात घेऊन गच्चीवर निघाली होती, ती दारातच थांबली.

मी विचारलं, का? लेक म्हणाली, शेवटची उदाहरणं राहिली. का राहिली? वेळ संपला. का संपला? यावर ती पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली. मग मी माझा मीटिंगमधला मऊ आवाज काढला. कारखान्यात लोक माझ्या ओरडण्यापेक्षा या आवाजाला जास्त घाबरतात, हे मला तेव्हा आठवलं नाही. ती हळूच म्हणाली की प्रत्येक उदाहरण ती परत करून बघत होती. मग उलट्या बाजूने करून बघत होती. मग पुन्हा पहिल्यापासून. केलेली सगळी बरोबर आली होती, पुढची करायचीच राहून गेली.

"पण इतकं का तपासत बसलीस?"

"तुम्हीच म्हणता ना, एक पीस चुकीचा गेला तर सगळा माल परत येतो."

हे वाक्य माझंच. जेवताना, हातात घास धरून, मी ते किती वेळा आणि किती ऐटीत म्हटलं असेल याचा हिशेब नाही. घरात कुणी ऐकत नाही अशी माझी तक्रार होती. एक जण ऐकत होती.

बायकोने परात खाली ठेवली, माझ्या हातातलं मार्कर घेतलं आणि 'जबाबदार' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पप्पा'. मी म्हटलं, या पद्धतीत माणसावर खापर फोडत नाहीत. ती म्हणाली, बरं, मग पद्धत लिहिते, ती तरी कुणाची आहे?

खरं कारण सापडलं की कारखान्यात आम्ही चहा घेतो आणि मोकळे होतो. इथे तसं झालं नाही. लेक अजूनही मामाकडे जायला तयार नव्हती. शिवाय आता मला एकेक दिसायला लागलं. गच्चीवर वाळत्या कुरडया उलटताना ती प्रत्येक कुरडई उचलून पुन्हा सरळ ठेवत होती. बुटांची नाडी बांधून सोडत होती, परत बांधत होती. पाण्याच्या बाटलीचं झाकण पुन्हा पुन्हा पिळत होती. या गोष्टींचं आजवर मी कौतुक केलं होतं, माझ्यावर गेलीय म्हणून! एवढ्याशा पोरीच्या आत मी एक इन्स्पेक्टर बसवला होता, आणि तो माझ्यासारखाच कुणाला धड काम करू देत नव्हता.

पण मी हार मानणारा नाही. मी उपाययोजना आखली. आम्ही दोघांनी तीच उदाहरणं सोडवायची. वेळ किती, तर कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. केलेलं परत बघायचं नाही, आणि मग वह्या बदलून एकमेकांचं तपासायचं. खरी गंमत मी फक्त बायकोला सांगितली होती. मी मुद्दाम एक उदाहरण चुकवणार, लेक ते पकडणार, मग मी हसून म्हणणार, बघ, चुकलं तरी काही बिघडलं का? या युक्तीवर मी स्वतःच इतका खूश होतो की उदाहरणं सोडवताना हसू आवरत नव्हतं. बायकोने कुकर चढवला आणि आतच राहिली.

शिट्ट्या झाल्या. लेकीची थोडी उदाहरणं राहिली होती, पण परीक्षेपेक्षा ती बरीच पुढे गेली होती. तिने माझी वही घेतली आणि लाल पेनाने तपासायला लागली. पाण्याच्या टाकीच्या उदाहरणावर तिने फुली मारली. तीच माझी ठरवलेली चूक. मी चेहरा पाडला. मग तिने आणखी एक फुली मारली. मी म्हटलं, नीट बघ. तिने नीट बघितलं. भागाकारात शून्य द्यायचं मी विसरलो होतो. पुढे आणखी एक फुली. उत्तर मीटरमध्ये विचारलं होतं, मी सेंटिमीटरमध्ये दिलं होतं. कारखान्यात केसाएवढ्या फरकावरून मी गाडीभर माल अडवतो, आणि इथे मला मीटर दिसला नव्हता.

मी वाद घातला. प्रश्नाची भाषा संदिग्ध आहे, म्हणालो. इथे उजेड कमी आहे. मध्येच कुकरची शिट्टी झाली, लक्ष गेलं. ज्या सबबी ऐकून मी लोकांना केबिनबाहेर काढतो, त्या सगळ्या ओळीने माझ्याच तोंडून बाहेर पडल्या. स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज येत होता.

लेक मात्र हसली नाही. ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ते खरोखरच उतरलं असणार. मग तिने वही माझ्याकडे सरकवली.

"असू दे पप्पा. थोडी चुकली, बाकीची बरोबर आहेत ना."

हेच मला तिला सांगायचं होतं. एवढ्यासाठी फळा पुसला, रकाने पाडले, युक्ती आखली, आणि इतकं साधं वाक्य मला तोवर सुचलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. तिने माझ्या वहीत खाली लिहिलं, 'ढकलपास', आणि फ्रिजमधला पेढ्यांचा डबा आणला. निकालापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. एक पेढा तिने मोडला, अर्धा मला दिला.

त्यानंतर रोज कुकर लागला की आमची शर्यत व्हायची. तिच्या हाताला वेग आला. माझ्यात म्हणावी तशी सुधारणा झाली नाही. त्याच आठवड्यात तिने पिशवी पुन्हा भरली, कुणी सांगितलं नव्हतं. वरती उरलेल्या पेढ्यांचा डबा ठेवला.

मामा रस्त्यापर्यंत घ्यायला आला होता. गाडीतून तिचे पाय खाली टेकतात न टेकतात तोच त्याने विचारलं, "काय गं भाची, किती पडले? लय अभ्यास केला म्हनं यंदा."

मी काहीतरी बोलून विषय बदलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "गणितात क-दोन. पप्पांना त्याच्याहून कमी." आणि शेळ्यांकडे पळत सुटली. पळताना बुटाची नाडी सुटली, तशीच लोंबत राहिली. ती बांधायला ती थांबली नाही.

तिच्या पिशवीतला पेढ्यांचा डबा मी मामापुढे केला. हे कशाचे, असं त्याने विचारलं.

मी म्हटलं, "मी ढकलपास झालो, त्याचे."