गार बाजू

मेव्हिस मेटकाफला जगात एकाच वाक्याचा तिटकारा होता, आणि नेमकं तेच वाक्य तिच्या नवऱ्याने लग्नाआधीपासून उराशी धरलं होतं. यॉर्कशरच्या डोंगरात त्यांचं स्कारथ्वेट हे एवढंसं गाव. दीडशे वर्षांपूर्वी तिथल्या पाद्र्याच्या मुलीने एक कादंबरी काय लिहिली, ती कॉलेजांतून शिकवायला काय लागले, आणि हे लचांड मेव्हिसच्या संसाराच्या मागे लागलं.

त्या कादंबरीत एझ्रा नावाचा एक तुसडा मेंढपाळ आहे. त्याची बायको हॅना मरते. तिला पुरून तो घरी येतो आणि बाई लिहितात, ‘त्या दिवसापासून एझ्रा आपला पाव गार बाजूला खाऊ लागला.’ झालं, प्रकरण संपलं. गार बाजू म्हणजे काय, कुठली, कशाची, याबद्दल पुढे अवाक्षर नाही. बाईंनी आणखी एक ओळ खरडली असती तर काय त्यांच्या हाताला फोड येणार होते, असं मेव्हिस बहिणीला कितीदा तरी म्हणाली असेल.

क्लिफर्ड शाळेत इंग्रजी शिकवायचा. निवृत्त झाल्यावर माणसं गुलाब लावतात, मासे धरतात. याने दिवसभर एझ्राला धरलं. एका विद्वानाच्या मते गार बाजू म्हणजे चर्चची उत्तर बाजू, जिथे ऊन पडत नाही आणि जिथे बाप्तिस्मा न झालेल्यांना पुरतात. दुसऱ्याच्या मते ते प्रायश्चित्त होतं, एझ्रा मुद्दाम गार अन्न खायचा. तिसऱ्याने तर त्याला वेडा करून डोंगराच्या सावलीत मेंढ्यांबरोबर राहायला पाठवलं. क्लिफर्ड तिघांशीही पत्रांतून भांडत होता. एका वर्षी लग्नाच्या वाढदिवशी त्याने मेव्हिसला चर्चच्या उत्तरेला थडग्यांमध्ये बसवून सँडविच खायला लावलं, का तर अंगाला काय जाणवतं ते बघू. अंगाला वारा जाणवला. मेव्हिस पंधरवडाभर खोकत होती, आणि हा गृहस्थ तिच्या उशाशी बसून म्हणतो, “म्हणजे उत्तर बाजू नसावी.”

हे सगळं पुराण चालायचं स्वयंपाकघरातल्या टेबलावर. घर कादंबरीइतकंच जुनं, दगडी. एका भिंतीला शेगडी, समोरच्या भिंतीला मागचं दार, मध्ये टेबल. क्लिफर्ड शेगडीकडे पाठ करून बसायचा, कारण त्याचा बाप तसाच बसायचा. मेव्हिस दाराकडे बसायची, कारण ती सासूची खुर्ची होती. शिवाय कोळसा, दूध, भाज्यांची टोपली, सगळं दाराबाहेरच्या पडवीत. जेवताना उठायचं कुणी, तर तिने. दाराच्या फटीत तिने जुने पायमोजे कोंबले होते, तरी डावा खांदा धरायचाच. आता तर हात वर करून केस विंचरणंही जड जायला लागलं होतं.

म्हणून तिने हट्ट धरला, आयुष्यात पहिल्यांदा. स्कारबरोला तिच्या बहिणीच्या, ऑड्रीच्या, शेजारी एक बैठं घर रिकामं झालं होतं. प्रत्येक खोलीत हीटर, जिना नाही. इकडे लीड्सच्या एका जोडप्याला हे दगडी घर पसंत पडलं होतं आणि त्यांना शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. क्लिफर्डने फक्त हो म्हणायचं बाकी होतं, आणि तेच तो म्हणेना. बाई इथल्या, एझ्रा इथला, तेव्हा त्या वाक्याचा अर्थही याच गावात कुठेतरी असणार. घर विकलं की तो कायमचा गेला.

“माझा खांदा जातोय त्याचं काय?” मेव्हिसने विचारलं.

“एवढा हिवाळा जाऊ दे,” तो म्हणाला, आणि चहात बिस्किट बुडवून पुन्हा एझ्रावर आला.

मेव्हिसचं डोकंच फिरलं. सोमवारी सकाळी तिने बॅग भरली, एझ्राशीच संसार कर म्हणून सांगितलं आणि बसने ऑड्रीकडे निघून गेली.

पहिल्या दिवशी त्याचा फोन आला. तिला वाटलं, आली अक्कल. त्याला चहापत्तीचा डबा सापडत नव्हता. तिने सांगितलं आणि फोन आपटला. मग मात्र फोन नाही की काही नाही. ऑड्री म्हणाली, बसू दे तसाच उपाशी. पण मेव्हिसचा जीव रमेना. समुद्राकाठच्या ऊबदार खोलीत बसून ती त्याच्यावर चरफडत राहिली, आणि गुरुवारी चरफडतच परत आली. उद्या उत्तर द्यायचं होतं. शेवटचं भांडण समोरासमोर झालेलं बरं, असा तिचा विचार.

मागच्या दाराने आत शिरली तर दार कशाला तरी अडलं. क्लिफर्ड तिच्या खुर्चीत बसला होता. अंगात ओव्हरकोट, गळ्याला मफलर, पुढे पाव आणि चीज.

“इथं काय करतोयस?”

त्याने पुढ्यातली थाळी बाजूला सारली. मग त्याने सांगितलं. सोमवारी तो आपल्या जागेवर जेवायला बसला, तर समोर तिची रिकामी खुर्ची. घास उतरेना. पाठ फिरवून बघितली, पेपर आडवा धरून बघितला. शेवटी उठून तो त्या खुर्चीतच जाऊन बसला, म्हणजे निदान ती दिसायची तरी नाही. जेवण गेलं. थोड्या वेळाने डावा खांदा गारठला.

“एझ्रा कुठं गेलाच नव्हता गं,” तो म्हणाला. “टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला होता. हॅनाच्या जागेवर.”

मेव्हिस कोट न काढता उभी होती. आता व्याख्यान सुरू होणार, तिन्ही विद्वानांची शेंडी उपटली जाणार आणि लेख छापून येईपर्यंत घराचं राहणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं.

“लीड्सवाल्यांना मी काल हो म्हणून कळवलंय,” क्लिफर्ड म्हणाला.

“आणि तुझा लेख?”

“लिहायला बसलो होतो. पुरावा काय, म्हणून विचारतील. काय सांगू त्यांना? माझी बायको चाळीस वर्षं तिथं बसत होती, आणि मी तिच्यासमोर बसून तिला गार बाजूचे अर्थ सांगत होतो?” त्याने मान हलवली. “नाही लिहिणार.”

मेव्हिसला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. तरी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मी खोकले, मी दाराला मोजे कोंबले, मी डॉक्टरकडे गेले,” ती म्हणाली, “तेव्हा दिसलं नाही तुला. पुस्तकातली बाई मरावी लागली.”

क्लिफर्ड उठायला लागला, तिला तिची जागा द्यायला. तिने हातानेच त्याला खाली बसवलं, टेबलाला वळसा घातला आणि शेगडीकडे पाठ करून त्याच्या खुर्चीत बसली. बसल्या बसल्या खांद्याला ऊब लागली. इतकी छान लागली, की तिला रडूच कोसळलं, आणि रडता रडता तिने त्याला पडवीतून दूध आणायला सांगितलं.