गोळाभात, अंदाजानं

आमच्या घरी गोळाभात मी करत नाही, हे मी आधीच सांगायला हवं होतं.

हिंदी मुलखात, तेलीबांध्याच्या तलावाजवळ असलेल्या आमच्या कॉलनीतल्या मराठी घरांनी गणपतीआधी एक पुस्तिका काढायची ठरवली. घराघरातले साधे पदार्थ, आणि ते कशाबरोबर खावेत. आमच्याकडून बायकोचा, म्हणजे मंदाचा, गोळाभात हे ठरलेलंच होतं. लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण सरकारी कार्यालयात मी जन्मभर टिपणं लिहीत आलो आहे. ती चणाडाळीच्या भरड्याचे गोळे वळत होती आणि मी स्वयंपाकघराच्या दारात वही घेऊन उभा.

"तिखट किती?"

"अंदाजानं."

"मीठ?"

"अंदाजानं."

"तेलाचं मोहन तरी?"

"हात सांगते ना बरोबर."

"हात काय सांगते? आकडा सांग."

"तुमी लिवा ना अंदाजानं. काहून डोकं खाऊन राहिले?"

लिहिलं. शेवटी मी माझी भर घातली, कारण खाण्यातलं मला कळतं: 'गोळे भातावर कुस्करावेत, वरून मोहरी-हिंगाची कडकडीत फोडणी घालावी, सोबत ताकाची कढी. उरल्यास सकाळी कच्च्या कांद्याबरोबर गार खावा.' आणि मग खाली सही केली. तीस वर्षांत सही केल्याशिवाय मी कुठलाही कागद पुढे सरकवलेला नाही. हात आपोआप जातो.

पुस्तिका छापून आली. गोळाभाताखाली माझं नाव, ठळक अक्षरांत.

"पापा, ये तो मम्मी का है ना?" मुलगी म्हणाली.

मंदानं पान वाचलं, पुस्तिका फ्रिजवर ठेवली आणि आम्हाला सलग तीन दिवस दोडका वाढला. मला संताप आला. सही छापा असं मी म्हणालो होतो का? छापणाऱ्याला अक्कल नको? (एक फोन केला असता तर चूक तिथेच मिटली असती. पण तोपर्यंत तलावाभोवती फिरताना दोघातिघांनी मला थांबवून विचारलं होतं, "साहेब, तुम्ही सैपाक करता?" आणि मी म्हणालो होतो, "करतो थोडंफार." ते 'थोडंफार' मला अजून छळतं.)

मग मंडळाचे सचिव ढोबळेभाऊ दारात आले. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे, नवी कवळी बसवलेले, त्यामुळे सारखे हसत.

"साहेब, गणपतीत सगळ्यांसमोर गोळाभात करून दाखवायचा."

"मी?"

"हव, तुम्हीच. पुस्तकात नाव कोणाचं हाय?"

ते गेल्यावर मी मंदाला म्हणालो, "मला शिकव."

"मी काय शिकवू? वाचा ना. तुमच्याच नावानं हाय."

त्या दिवशी मंडपात गॅसची शेगडी, भरडा, तांदूळ, आणि समोर अख्खी कॉलनी. मी पुस्तिका उघडली. पाणी: अंदाजानं. अंदाज म्हणजे नेमकं किती, हे लिहिणाऱ्यानं लिहायला नको? मग आठवलं की लिहिणारा मीच. मंदा पहिल्या रांगेत बडीशेप चघळत गणपतीकडे बघत बसली होती.

"मंदा, पाणी किती?" मी हळूच विचारलं.

"लेखकाले विचारा," ती मोठ्यानं म्हणाली.

माणसं हसली. हसण्यासारखं काय होतं त्यात? रागाच्या भरात मी तांब्याभर पाणी ओतलं. भरडा वाहू लागला. मी आणखी भरडा घातला. मग तो इतका घट्ट झाला की गोळे वळताना माझं मनगट करकरलं. मोहन राहिलंच, हे गोळे भातावर ठेवून झाकण घातल्यावर लक्षात आलं. फोडणीची मोहरी उडून मखरापर्यंत गेली. तरीही मी ताट वाढलं, आणि पहिला मान ढोबळेभाऊंना दिला.

त्यांनी गोळा उचलून अख्खा तोंडात टाकला.

कट्ट असा आवाज आला. भाऊंनी तोंडासमोर रुमाल धरला आणि गोळा बाहेर काढला. त्यात त्यांची खालची कवळी रुतलेली होती, सगळ्या दातांनिशी.

खरं सांगतो, मला आधी रागच आला. अख्खा खायला सांगितला कोणी? 'कुस्करावेत' असं स्वच्छ छापलं आहे, आणि अख्ख्या पाककृतीत तेवढीच भर माझी होती!

पण मंदाकडे पाहिलं आणि राहवलं नाही. तीन दिवसांच्या दोडक्यासकट सगळं घशाशी आलं. मी माईक घेतला. "मंडळी, माझ्याकडून पाप झालं. गोळाभात माझा नाही. तो मंदाचा आहे."

मंदा ताडकन उठली. "हा? हा तुमचाच हाय. याले माहं नाव लावू नका."

तिनं पदर खोचला, माझं पातेलं बाजूला सारलं आणि नवा भरडा कालवायला घेतला. कशानंही न मोजता. अर्ध्या तासात भाऊ नुसत्या वरच्या दातांवर दोनदा वाढून घेत होते.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या फळ्यावर लावायला त्यांनी दुरुस्ती लिहून आणली: 'गोळाभाताची पाककृती सौ. मंदा यांची आहे. पुस्तिकेत छापलेल्या लेखकाने केलेला गोळाभात कोणीही खाऊ नये.'

"शुद्धलेखन बघा जरा," म्हणाले. मी बघितलं. चूक एकही नव्हती. कागद परत दिला तेव्हा मंदा खांद्यावरून डोकावली आणि कपाळावर हात मारून आत गेली.

खाली मी सही करून ठेवली होती.