हरीण नदीपार गेलं

तंजावरच्या आमच्या घरात मराठी सगळेच बोलायचे, पण देवनागरी एकट्या अप्पांनाच वाचता यायची. संध्याकाळी कॉफी झाली की ते झोपाळ्यावर बसून आम्हा भावंडांना गोष्ट वाचून दाखवायचे. ऐन रंगात आली की थांबायचे. "पुढं काय होईल, सांगा." तमिळमधलं उत्तर चालायचं नाही. आम्ही मराठीत कडाकडा भांडायचो. पुरात सापडलेलं हरीण वाचणारच, असा मी हट्ट धरला. अप्पांनी पान उलटून वाचलं, "हरीण नदीपार गेलं." मी केवढी मिरवले!

अप्पा गेल्यावर मी देवनागरी शिकले आणि तेच पुस्तक उघडलं. त्यात हरीण बुडतं.

मी चिडून पुस्तक मिटलं. अप्पांनीच ते नीट वाचलं होतं.